समाजमाध्यमांवरून लोकांची मते मागवताना

संस्थेने आपल्या नियोजित निर्णयाचा मसुदा समाजमाध्यमांवर टाकायचा, खाली ‘आपले मत कळवा’ अशी ओळ लिहायची, दोन दिवसांत शेकडो प्रतिक्रिया जमायच्या, त्यांतल्या निम्म्या एकमेकांना टोमणे मारण्यात खर्ची पडायच्या आणि शेवटी निर्णय आधी ठरला होता तसाच व्हायचा, हा क्रम आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. याचा दोष केवळ भांडणाऱ्यांना देऊन चालत नाही. लोकांना बोलते करणे हे एक काम आहे. त्यांनी माहिती पडताळून, विरुद्ध बाजू ऐकून, वेळ घेऊन मत बनवणे हे दुसरे. पहिले काम समाजमाध्यमे फार चांगले करतात, दुसऱ्यासाठी मात्र ती घडवलेलीच नाहीत. म्हणून शासकीय विभाग असो, स्थानिक स्वराज्य संस्था असो की सभासदांची संघटना, ज्यांना लोकांना विचारून निर्णय घ्यायचा आहे त्यांनी या दोन कामांच्या जागा वेगळ्या ठेवाव्यात आणि एकीकडून दुसरीकडे जाण्याची वाट आधीच आखून ठेवावी.

विचारण्याआधी

निर्णय घेणाऱ्यांनी प्रथम एका कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात: काय ठरून गेले आहे, काय ठरायचे बाकी आहे, आणि जे बाकी आहे त्यात लोकांच्या मताला किती वजन राहील. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना बहुतेकांचा हात अडखळतो. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी लोकांना भुलवून त्यांची संमती मिळवणे आहे, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे आणि सल्ला घेणे आहे, आणि सर्वांत वर निर्णयाची सूत्रेच नागरिकांच्या हाती आहेत. आपण कोणत्या पायरीवर आहोत हे उघडपणे सांगितले, तर सल्ला घेण्याची पायरीही पुरेशी सन्मानाची असते. सल्ला घेत असताना निर्णय लोकांवर सोपवल्याचा आव आणणे मात्र महागात पडते.

२०१६ मध्ये ब्रिटनच्या नॅचरल एन्व्हायर्न्मेंट रिसर्च कौन्सिलने आपल्या नव्या ध्रुवीय संशोधन जहाजासाठी लोकांकडून नावे मागवली, तेव्हा ‘बोटी मॅकबोटफेस’ हे थट्टेने सुचवलेले नाव प्रचंड मतांनी पहिले आले. अंतिम निवड आपलीच राहील, असे संस्थेने सांगून ठेवले होते; तरीही जहाजाला ‘सर डेव्हिड अॅटनबरो’ हे नाव दिले गेले तेव्हा आपले मत डावलले गेल्याची भावना पसरलीच, आणि ते थट्टेचे नाव जहाजावरील एका पाणबुडी यंत्राला देऊन तडजोड करावी लागली. नावाची गोष्ट होती म्हणून सगळे हसण्यावारी गेले. पुनर्वसनाच्या किंवा पाणीवाटपाच्या प्रश्नावर असे झाले तर कोणी हसणार नाही. मताला असलेली मर्यादा नियमावलीत दडवू नये. ती आवाहनाच्या पहिल्या दोन वाक्यांतच यावी.

यानंतर प्रश्नाची शब्दरचना करावी. या कामाला जितका वेळ द्यावा तितका थोडाच. समजा, एका रस्त्याची पुनर्रचना करायची आहे. ‘या रस्त्यावर गाड्या उभ्या करण्यास बंदी घालावी का?’ असे विचारले, की गाडीवाले आणि पायी चालणारे असे दोन तट तासाभरात पडतात आणि पुढच्या प्रत्येक प्रतिक्रियेला कोणत्या तरी तटात जाऊन बसावे लागते. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘या रस्त्याची रुंदी १८ मीटर आहे. दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरचे पदपथ करायचे हे ठरले आहे. उरलेल्या बारा मीटरांत बस, सायकली आणि उभ्या राहणाऱ्या गाड्या यांना जागा कशी वाटून द्यावी? तुम्ही हा रस्ता दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कशासाठी वापरता, हेही लिहा.’ पहिल्या दोन वाक्यांनी काय बदलणार नाही हे कळते, तिसऱ्याने हो-नाहीची सोय काढून घेतली जाते आणि चौथे वाक्य मताऐवजी अनुभव मागते. मताशी वाद घालता येतो. सकाळी सातला मुलाला शाळेच्या बसपर्यंत पोहोचवताना कुठे थांबावे लागते, ही मात्र माहिती असते आणि ती आराखडा काढणाऱ्याला थेट उपयोगी पडते. प्रश्न जाहीर करण्यापूर्वी निर्णयाला विरोध असलेल्या दोघा-तिघांना तो वाचायला द्यावा. त्यांना तो एकतर्फी वाटला तर पुन्हा लिहावा.

कोण बोलते आणि कोण बोलत नाही

संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समुदायांविषयी एक ढोबळ प्रमाण सांगितले होते: शंभरातले नव्वद जण फक्त वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि एक जण सतत लिहीत राहतो. प्रत्येक ठिकाणी आकडे हेच येतील असे नाही, पण चित्र ओळखीचे आहे. जो सतत लिहितो तो चुकीचा असतोच असे नव्हे. तो सर्वांच्या वतीने बोलत नसतो, एवढेच. त्यात, संताप किंवा चेष्टा असलेल्या मजकुराला अधिक प्रतिसाद मिळतो आणि अधिक प्रतिसाद मिळालेला मजकूरच अधिक लोकांपुढे आणला जातो. सबब ‘सर्वाधिक लाइक मिळालेली सूचना’ हा लोकमताचा पुरावा म्हणून कधीही धरू नये. समाजमाध्यमांवर सुचते तशा दोन पर्यायांच्या झटपट जनमत चाचण्या तर गंभीर प्रश्नावर घेऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांतून निघालेला आकडा पुढे कितीही खुलासे केले तरी पुसला जात नाही.

आवाहन प्रसिद्ध करतानाच, निर्णयाचा परिणाम ज्यांच्यावर होणार आहे अशा गटांची यादी करावी आणि प्रत्येक गटापुढे त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग लिहावा. रात्रपाळी करणारे, भाड्याने राहणारे, दृष्टिहीन, दुसरी भाषा बोलणारे, फोन असूनही लिहिण्याचा सराव नसलेले लोक या यादीत हमखास सुटतात. त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रित निरोप स्वीकारणे, फोनवर मत नोंदवून घेणे, छापील अर्ज ठेवणे, त्यांच्या वेळेला बैठक घेणे हे मार्ग खुले ठेवावेत. मुदतीच्या मध्यावर यादी पुन्हा काढून कोणाकडून एकही शब्द आलेला नाही ते पाहावे आणि उरलेला वेळ त्यांच्यासाठी राखावा. आलेल्या प्रतिक्रियांची संख्या वाढवत नेण्यापेक्षा हे काम अधिक मोलाचे आहे, जरी अहवालात ते तितके उठून दिसत नसले तरी.

माहितीसाठी एकच पान असावे. मसुदा, नकाशे, खर्चाचे अंदाज आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न त्यावर ठेवावेत, प्रत्येक बदलापुढे तारीख टाकावी, आणि समाजमाध्यमांवरील प्रत्येक पोस्टमध्ये त्याच पानाचा दुवा द्यावा. मसुद्याचा नुसता फोटो पोस्ट करण्याची सवय मात्र मोडायला हवी. फोटोतला मजकूर शोधता येत नाही, दृष्टिहीनांच्या फोनला वाचून दाखवता येत नाही आणि जुना फोटो वर्षभर फिरत राहतो. अफवा बहुधा व्हॉट्सअॅपच्या गटांतून पसरतात आणि ते गट बाहेरून दिसत नाहीत. म्हणून ‘तुमच्यापर्यंत या विषयावर जे काही आले असेल ते आम्हाला पाठवा, त्याचे उत्तर याच पानावर मिळेल’ असे आवाहन करावे. उत्तर देताना अफवेचे वाक्य ठळक अक्षरांत मथळ्यावर घेऊ नये. आधी खरी माहिती सांगावी, मग काय चुकीचे फिरत आहे ते एका वाक्यात सांगावे, आणि पुन्हा खऱ्या माहितीवर यावे.

विचारविनिमयाची जागा

इथवर लोकांना बोलावले गेले, त्यांच्याकडून प्रश्न, अनुभव आणि हरकती आल्या. आता त्या साहित्यावर शांतपणे विचार व्हायला हवा आणि त्यासाठी जागा बदलावी लागते.

पहिला मार्ग ऑनलाइनच आहे, पण त्याची रचना वेगळी आहे. ‘पोलिस’ (Polis) नावाची एक मुक्त संगणकप्रणाली आहे. तिच्यात कोणीही लहानसे विधान लिहू शकतो. इतर जण त्यावर सहमत, असहमत किंवा ‘पुढे जा’ एवढेच नोंदवू शकतात. एकमेकांना उत्तर देण्याची सोयच नसल्यामुळे भांडण पेटायला वाव राहत नाही. कोणाकोणाची मते एकमेकांशी जुळतात यावरून ही प्रणाली गट पाडून दाखवते, आणि एरवी विरोधात असलेले गटही कोणत्या विधानांवर एकत्र येतात ते वेगळे काढते. तैवानमध्ये ‘व्हीतैवान’ या उपक्रमाने २०१५ मध्ये उबरच्या टॅक्सीसेवेच्या प्रश्नावर ती वापरली. टॅक्सीचालक, उबरचे चालक आणि प्रवासी यांच्यात तीव्र मतभेद असतानाही नोंदणी, विमा अशा मुद्द्यांवर मोठी सहमती असल्याचे त्यातून दिसले आणि पुढच्या नियमांना त्याचा आधार मिळाला.

हे यंत्रापेक्षा विधानांच्या लिहिण्यावर अवलंबून असते, हे लक्षात ठेवावे. सुरुवातीची पंधरा-वीस विधाने आयोजकांनाच घालावी लागतात आणि तिथे घाई नडते. ‘रस्ता सुरक्षित असावा आणि दुकानदारांचे नुकसान होऊ नये’ या विधानात दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. अर्ध्याशी सहमत असणाऱ्याने काय नोंदवायचे? त्याची दोन विधाने करावीत. ‘प्रशासनाला पादचाऱ्यांची पर्वा नाही’ यावर सहमती मिळेलही, पण तिच्यातून करण्यासारखे काही हाती लागणार नाही. ‘दुकानात माल उतरवण्यासाठी सकाळी दोन तास राखून ठेवले, तर इतर वेळी गाड्या नसल्या तरी चालेल’ हे विधान अशा प्रकारे लिहिले आहे की त्यावर दुकानदार आणि पादचारी दोघांनाही थांबून विचार करावा लागेल. सुरुवातीच्या विधानांत प्रत्येक बाजूचे म्हणणे त्या बाजूच्या माणसाला पटेल अशा शब्दांत आलेले असले पाहिजे. संस्थेचीच भलामण करणारी विधाने भरली तर लोक दोन मिनिटांत ओळखतात.

दुसरा मार्ग समोरासमोर बसण्याचा आहे, आणि मोठ्या किंवा फार चिघळलेल्या प्रश्नासाठी मला तोच अधिक भरवशाचा वाटतो. आयर्लंडमध्ये २०१६ साली नेमलेल्या नागरिक सभेत ९९ सर्वसामान्य नागरिक आणि एक अध्यक्ष होते. हे नागरिक लोकसंख्येचे वय, लिंग, प्रदेश आणि सामाजिक स्तर यांचे प्रतिबिंब पडेल अशा यादृच्छिक पद्धतीने निवडले होते. गर्भपाताच्या घटनात्मक बंदीच्या प्रश्नावर त्यांनी अनेक शनिवार-रविवार डॉक्टर, कायदेतज्ज्ञ, दोन्ही बाजूंचे गट आणि प्रत्यक्ष अनुभव घेतलेल्या स्त्रिया यांना ऐकले. सर्वसामान्यांकडून हजारो लेखी निवेदनेही मागवली. त्यांच्या शिफारशींनंतर संसदेच्या समितीत चर्चा झाली आणि २५ मे २०१८ रोजी झालेल्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी बंदी उठवण्याच्या बाजूने कौल दिला. राजकीय पक्षांना अनेक दशके न पेललेला विषय अनोळखी माणसांच्या या सभेला हाताळता आला, कारण तिच्याकडे वेळ होता, माहिती होती आणि निवडणूक लढवायची नव्हती.

लहान संस्थेला शंभर जणांची सभा परवडणार नाही; चोवीस ते तीस जणही पुरतात. नोंदवहीतून किंवा घरांच्या यादीतून सोडत काढून मोठ्या संख्येने निमंत्रणे पाठवावीत, होकार देणाऱ्यांमधून वय, लिंग, राहण्याचा भाग आणि या विषयाशी असलेला संबंध पाहून दुसरी सोडत काढावी. ‘इच्छुकांनी नावे द्यावीत’ असे म्हटले की समाजमाध्यमांवर आधीपासून बोलणारेच येतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. प्रवासखर्च आणि मानधन द्यावे, लहान मुले सांभाळण्याची सोय करावी. नाहीतर सोडतीत नाव आलेले कष्टकरी आणि स्त्रिया गळतात. सात-आठ जणांचा एक गट, प्रत्येक गटाला एक सूत्रसंचालक, आणि किमान दोन बैठका, ज्यांच्यामध्ये आठवडाभराचे अंतर असेल, एवढी रचना ठेवावी. मधल्या आठवड्यात लोक घरी बोलतात आणि दुसऱ्या बैठकीला बदललेले प्रश्न घेऊन येतात.

सूत्रसंचालकाने पहिल्या फेरीत प्रत्येकाला दोन मिनिटे द्यावीत आणि त्या वेळेत कोणालाही मध्ये बोलू देऊ नये. दुसऱ्या फेरीत ज्याला एखाद्या मुद्द्याला विरोध करायचा आहे, त्याने आधी तो मुद्दा मांडणाऱ्याला ‘बरोबर, हेच मी म्हणालो’ असे वाटेल अशा शब्दांत सांगावा आणि मग विरोध करावा. हा नियम सुरुवातीला कृत्रिम वाटतो, पण अर्ध्या तासात आवाजाची पट्टी खाली येते. सूत्रसंचालकाने स्वतःचे मत सांगू नये, ‘उत्तम मुद्दा’ असेही म्हणू नये. एकाला शाबासकी म्हणजे दुसऱ्याला नकळत दिलेली नापसंती असते. एकमताचा आग्रह धरू नये. मतभेद राहिले तर ते कोणत्या कारणावर अडले आहेत हे इतिवृत्तात लिहावे, कारण निर्णय घेणाऱ्याला बहुधा त्या कारणाचीच माहिती नसते.

शिवीगाळ, बनावट खाती आणि एकसारखे संदेश

प्रतिक्रियांवर देखरेख कोण करणार, काय काढले जाईल आणि काढले तर कोणाकडे दाद मागायची, हे आवाहनासोबतच प्रसिद्ध करावे. धमकी, एखाद्याची खासगी माहिती, जातिधर्मावरून केलेली निंदा काढावी. कडवट टीका राहू द्यावी. काढलेल्या प्रत्येक प्रतिक्रियेची प्रत आणि कारण नोंदवून ठेवावे. अधिकाऱ्यांनी आणि पदाधिकाऱ्यांनी पदाचे खाते आणि खासगी खाते वेगळे ठेवावे. मिशिगनमधील एका शहर व्यवस्थापकाने आपल्या फेसबुक पानावरून टीकाकाराच्या प्रतिक्रिया काढून त्याला ब्लॉक केल्याचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितले, की अधिकाऱ्याला शासनाच्या वतीने बोलण्याचा प्रत्यक्ष अधिकार होता का आणि त्या पोस्टमध्ये तो हा अधिकार वापरत होता का, हे पाहावे लागेल. खाती सरमिसळ झाली की हा प्रश्न प्रत्येक पोस्टगणिक उभा राहतो.

संख्येचा मोह आवरणे याहून अवघड असते. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या दूरसंचार नियामक संस्थेने २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना सारखीच वागणूक देण्याच्या, नियमांवर सूचना मागवल्या, तेव्हा २.२ कोटींहून अधिक प्रतिक्रिया आल्या. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार त्यांतल्या सुमारे १.८ कोटी बनावट होत्या: सुमारे ८५ लाख ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या मोहिमेतून आल्या होत्या आणि ७७ लाखांहून अधिक एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने यंत्राच्या साहाय्याने, विरुद्ध बाजूने पाठवल्या होत्या. म्हणजे लबाडी एकाच बाजूची नव्हती. यावरचा उपाय म्हणून ओळखपत्राची सक्ती करावी असे सुचवले जाते. तिने बनावट खाती कमी होतात, पण मालकाविरुद्ध किंवा पुढाऱ्याविरुद्ध बोलणारा माणूसही गप्प होतो. अधिक सोपा मार्ग असा की प्रतिक्रिया मोजण्याऐवजी त्यांतील कारणे मोजावीत. एकाच मजकुराचे दहा हजार संदेश आले, तर कारण म्हणून त्यांची एक नोंद करावी आणि किती जणांनी तो पाठवला हा आकडा शेजारी स्वतंत्र लिहावा. संघटनेने तयार करून दिलेला मजकूर पाठवणारा माणूस खोटा नसतो, त्यामुळे असे संदेश फेकून देणेही योग्य नाही. वर्गवारीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरायला हरकत नाही, मात्र प्रत्येक वर्गातील काही प्रतिक्रिया माणसाने मुळातून वाचाव्यात. एकाच माणसाने लिहिलेली नेमकी तांत्रिक हरकत अशा सारांशात सर्वांत आधी हरवते.

उत्तर

आइसलँडमध्ये २०११ साली २५ जणांच्या घटना परिषदेने नव्या राज्यघटनेचे मसुदे टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर ठेवले आणि फेसबुकसह अनेक मार्गांनी सूचना घेतल्या. ऑक्टोबर २०१२ मधील सल्लागार सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी तो मसुदा नव्या घटनेचा पाया म्हणून स्वीकारला. संसदेने मात्र तो मंजूर केला नाही. सूचना कशा घ्यायच्या याचा काटेकोर विचार झाला होता. त्या पुढे ज्यांच्या हाती जाणार होत्या, त्यांच्यावर कोणतेही बंधन नव्हते. आपल्या उपक्रमात हे टाळायचे असेल, तर निर्णय घेणाऱ्या मंडळाने मते मागवण्यापूर्वीच ठराव करावा की अमुक तारखेपर्यंत प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर दिले जाईल.

या उत्तराचा तक्ता साधा असावा: मुद्दा काय होता, तो स्वीकारला, अंशतः स्वीकारला की नाकारला, आणि का. ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे’ हे वाक्य त्यात कुठेही येऊ नये. ‘माल उतरवण्यासाठी सकाळी सात ते नऊ वेळ राखली. सायंकाळची वेळ नाकारली, कारण त्या वेळी बसच्या फेऱ्या सर्वाधिक असतात’ असे उत्तर ज्याची सूचना नाकारली त्या माणसालाही वाचावेसे वाटते. ज्या पोस्टखाली सूचना आल्या त्याच पोस्टखाली तक्त्याचा दुवा द्यावा, बैठकीला आलेल्यांना छापील प्रत पाठवावी. निर्णय लांबला, तर ठरलेल्या तारखेला ‘निर्णय झालेला नाही, तो अमुक कारणाने थांबला आहे, पुढची तारीख ही’ एवढे तरी प्रसिद्ध करावे.

प्रतिक्रिया प्रसिद्ध करताना नाव, ईमेल आणि फोन क्रमांक काढून टाकावेत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवरील दहा लाखांहून अधिक ईमेल प्रेषकांच्या पत्त्यांसह संकेतस्थळावर टाकले आणि ते पत्ते कोणालाही उचलता येतील असे उघडे पडले. पारदर्शकतेसाठी मजकूर पुरेसा असतो. संपर्काची माहिती अंतिम उत्तर पाठवून होईपर्यंतच ठेवावी, ती कधी नष्ट केली जाईल ते आवाहनातच सांगावे आणि नष्ट केल्याची नोंद त्याच पानावर तारखेसह करावी.